हाडापर्यंत उतरलेला मंत्र

अयोध्या नगर वस्तीच्या पलीकडे शोभा नवघरेच्या मत्स्यतळ्यावर सकाळपासून माणसं लोटली होती. मत्स्यानंद महाराज काळ्या कापडाखाली चिरलेला रोहू ठेवून त्यावर निळसर दिवा धरत. एकेक जण आत डोकावे आणि हात जोडून बाहेर येई. माशाचा काटा सोन्यासारखा पिवळा चमकत होता. मंत्र हाडापर्यंत उतरलाय, हा मासा खाणाऱ्याला रोग शिवणार नाही, असं महाराज प्रत्येकाला ‘बेटा, बेटा’ करत सांगत होते.

शोभाचा विश्वास उगाच बसला नव्हता. बारा दिवसांपूर्वी तिच्या मोठ्या तळ्यातले मासे अंगावर जखमा होऊन मरत होते. महाराजांनी खाद्यात भस्म कालवलं, मंत्र म्हटले आणि आठवड्यात मासे सावरले. आज पहिला मासा शेजारच्या शिल्पाला मिळणार होता. तिला सातवा महिना होता.

शोभाची नणंद ऋतुजा माशांच्या यकृतावर संशोधन करायची. तीही रांगेत उभी राहिली. आपला नंबर आल्यावर, उरलेल्या भस्मालाही दिव्याचं दर्शन घडवावं, अशी तिने नम्र विनंती केली. भस्माला उजेड सोसत नाही, म्हणाले महाराज. पण शोभाने तोवर दिव्याखाली चिमूट टाकलीसुद्धा. भस्म पिवळं चमकलं.

शोभाला आठवलं, मंत्र दोन्ही तळ्यांवर म्हटले होते, भस्म मात्र मोठ्यातच पडलं होतं. तिने स्वतः जाऊन छोट्या तळ्यातला मासा आणला आणि चिरला. त्याचा काटा काही चमकेना. त्या माशांची श्रद्धाच कमी, असं महाराज पुटपुटले.

“वहिनी, या भस्मात टेट्रासायक्लिन आहे, जंतू मारणारं औषध,” ऋतुजा म्हणाली. “ते हाडात बसतं आणि नोटा तपासायच्या अशा दिव्याखाली चमकतं.”

मग तिने सगळ्यांना समजावलं. औषध अंगात गेलं की माशाच्या यकृतातली काही जनुकं जोमाने कामाला लागतात. त्यांच्या हुकमाने बनलेली प्रथिनं औषध बाहेर ढकलतात. त्याला काही आठवडे लागतात, गार पाण्यात अधिकच. तोवर ते मांसात राहतं. शिवाय वाचलेले जंतू औषध चुकवणारी जनुकं एकमेकांना देतात, आणि पुढच्या वेळी तेच औषध फुकट जातं.

“आणि माझं बाळ?” शिल्पाने विचारलं.

“त्याच्याही हाडादातांत हे बसू शकतं. या माशात किती उरलंय, ते तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही. म्हणून थांबायचं.”

शोभाने शिल्पाच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली. त्यातला पहिला मासा तिनेच दिला होता. बिट्टन मार्केटचा मासळी व्यापारी गाडी घेऊन उभा होता, त्याला तिने रिकामंच परत पाठवलं. महाराजांना दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

गर्दी अजून घोटाळत होती. मासे तर खरेच बरे झाले ना, असं कुणी म्हणालं. शोभा त्यांच्याकडे वळली.

“झाले ना. पण कशाने झाले, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारत जा.”