बाहुलीच्या पोटावरचे टाके

ताईची दृष्टी गेल्या वर्षी गेली. आता किडन्याही थकल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "त्यांना काय हवं-नको ते बघा." मी ताईला विचारलं, तर म्हणाली, "माझी बाहुली आण."

चिनी मातीच्या तोंडाची, कापडी अंगाची ती बाहुली आईने पंचेचाळीस वर्षांपूर्वी घर बदलताना जुन्या सामानात विकून टाकली होती. हे ताईला सांगून काही उपयोग नव्हता. अंथरुणातून तिचं उंटावरून शेळ्या हाकणं सुरूच होतं, "पुलापलीकडच्या दुकानात बघितलंस का? माळा बघायला सांग त्याला." माझं शिवणाचं दुकान बंद ठेवून मी दोन महिने जुन्या सामानवाल्यांचे उंबरे झिजवले.

शेवटी एका दुकानदाराने फुटक्या दिव्यांच्या खोक्यातून एक मळकी बाहुली काढली. मी आधी तिचा झगा वर केला.

"बाई, लोक आधी चेहरा बघतात," तो म्हणाला.

पोटावर लाल दोऱ्याचे सात वेडेवाकडे टाके होते. ही बाहुली आडवी केली की रडायची. आत कोण रडतं ते बघायला सहा वर्षांची असताना मी तिचं पोट कापलं होतं; तेव्हापासून तिचं रडणं बंदच झालं. ताईने मला मारलं नाही, हातात सुई दिली. "फाडलंस ना? आता तूच शीव." माझ्या आयुष्यातले ते पहिले टाके. मी तिथेच, दुकानदारासमोर रडले.

घरी आणून तिला पुसलं, उन्हात ठेवलं. पण जित्याची खोड! ते टाके मला बघवेनात. असं काम माझ्या दुकानातून गेलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल. मी ते उसवले, नवा कापूस भरला आणि बोटालाही लागणार नाही अशी बारीक शिवण घातली. स्वतःवर खूश होऊन बाहुली ताईकडे नेली.

ताईने तोंड चाचपलं, हसली. मग झग्याखाली हात घातला. बोटं पोटावरून खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. हसू मावळलं.

"ही नाही गं."

"तीच आहे, ताई. टाके मीच उसवले. नीट दिसावी म्हणून."

"लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाही," ती मायेने म्हणाली. झगा सरळ करून तिने बाहुली माझ्या हातात दिली. "जिची असेल तिला देऊन ये. तीही शोधत असेल."