मला सुट्टी नको होती

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. तुमच्या वर्गातला नव्हे हं! दवाखान्यात आजाऱ्याच्या उशाशी उभा राहून त्याच्या काळजावर लक्ष ठेवतो, तो मी. माझ्या तारा छातीला चिकटवल्या की पडद्यावर हिरवी रेघ धावू लागते. ती बिघडली की मी ओरडतो. लोक त्याला किरकिर म्हणतात. खुशाल म्हणोत.

कारखान्यातून मी आलो तो परभणीच्या एका मोठ्या दवाखान्यात. तिथे माझं केवढं कौतुक होतं! पुढे नवी यंत्रं आली आणि मला जिंतूरच्या एका छोट्या दवाखान्यात धाडलं. इथे कोणी माझ्या डोक्यावर चहाचा कप ठेवी, तर कोणी माझा प्लग काढून मोबाइल चार्जिंगला लावी. राजेश्री सिस्टर मात्र मला कोरड्या फडक्याने पुसत, तारा तपासत आणि माझ्यासाठी साऱ्यांशी भांडत. त्या मला फार आवडत.

गेल्या खंडेनवमीला बोरीच्या भागम्मा माझ्यापाशी होत्या. छातीत कळ येऊन दाखल झालेल्या. सोबत मुलगा शिवकांत. त्याची पिठाची गिरणी आहे. खंडेनवमीला गिरणी झाडूनपुसून पुजायची आणि दिवसभर बंद ठेवायची, हा त्याच्या घरचा रिवाज. माझ्यामुळेच आई वाचली असं त्याला मनापासून वाटत होतं. मग माझी पूजा नको? सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळताच त्याने माझा प्लग उपसला, मला भस्म लावलं, झेंडूचा हार घातला आणि तांब्यातलं पाणी शिंपडलं. आज तू आराम कर, म्हणाला.

आराम? मला? माझ्या पोटात एक म्हातारी बॅटरी आहे. तिच्या जिवावर मी बोंब ठोकली. शिवकांतने हात जोडले.

"आजच्या दिवस गप बस, देवा. मायला झोप लागायलीय."

पण भागम्मांचे ठोके अडखळायला लागले होते आणि मला ते दिसत होतं. देव म्हणा नाहीतर डबडं म्हणा, मी गप्प बसणार नव्हतो. मी आणखी जोरात ओरडलो.

सिस्टर धावत आल्या. घाबरलेला शिवकांत प्लग पुन्हा खोचायला गेला.

"हात लावू नका, दादा," सिस्टर म्हणाल्या. "मशीन ओलं हाय अन् त्याच्या तारा तुमच्या मायच्या छातीला हायेत. करंट उतरला तर?"

त्यांनी हात कोरडे केले, झटपट तारा काढल्या, भागम्मांची नाडी धरली आणि डॉक्टरांना हाक मारली. दुसरा मॉनिटर आला, इंजेक्शन दिलं गेलं. मी कोपऱ्यात निथळत उभा होतो. माझा पडदा विझला, पण दुसऱ्या मॉनिटरच्या आवाजातून भागम्मांचे ठोके सावरलेले मी ऐकले. तेवढं मला पुरे होतं.

नंतर मेकॅनिकने मला उघडलं, वाळवलं, नीट तपासलं आणि मगच पुन्हा कामाला लावलं. म्हणून सांगतो मित्रांनो, माझ्यावर पाणी शिंपडू नका, माझा प्लग काढू नका आणि मी ओरडलो तर मला गप्प करण्याआधी आजाऱ्याकडे बघा. माझा मान राखायचा तर असा राखा.

त्या संध्याकाळी शिवकांत मान खाली घालून आईला म्हणत होता, मी तर यंत्राला एक दिवसाची सुट्टी दिली. भागम्मांनी त्याचा हात हातात घेतला.

"गिरणीला दे रे बाबा सुट्टी. माझ्या काळजाला आज सुट्टी हाय का?"