शर्नेटची राजम्याची हंडी

मित्रांनो, मी मातीची हंडी आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराजवळ एका गावात तोमासा नावाची विधवा बाई राहते; तिला सगळे मानाने 'दोन्या' म्हणतात. तिच्या अंगणात, निवडुंगाच्या कुंपणापाशी, मी पालथी पडून असते. कोंबड्या माझ्यावर चढतात. त्यांना मी काही म्हणत नाही.

जेनारो कुंभाराने मला घडवले. भाजताना माझ्या एका अंगाला काळा डाग पडला, त्यामुळे बाजारात तीन आठवडे मला कुणी हातसुद्धा लावला नाही. मग एक उंच, सावळी मुलगी आली. तिने मला उचलले, आत नाक घालून वास घेतला आणि विचारले, "हिच्यात कधी काही शिजवलंय का?"

"नाही बाई, कोरी करकरीत आहे," जेनारो म्हणाला.

"मग हीच द्या. डाग असू दे."

ती शर्नेट. जमैकाहून इथल्या शाळेत इंग्रजी शिकवायला आली होती आणि तोमासाच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होती. शर्नेट वीगन होती. मांस, मासे, अंडी, दूध, चीज, काहीच खात नसे. हे तिचे नवे खूळ नव्हते. तिचे वडील लिओपोल्ड जमैकातल्या रास्ता पंथाचे, मांस वर्ज्य मानणारे. त्यांच्या घरात डुकराचे तर नावही निघत नसे. आणि इथे तर घराघरांतला राजमा डुकराच्या चरबीत शिजतो. तोमासाच्या प्रत्येक भांड्यात ती मुरलेली. म्हणून शर्नेटला कोरी हंडी हवी होती. तिने मला चुन्याच्या पाण्यात लसूण घालून उकळले आणि मी कामाला तयार झाले.

रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी ती राजमा, कांद्याची पात आणि मिरची माझ्यात घालून मला कोळशाच्या शेगडीवर ठेवी. तेलाचा थेंब नाही. दिवसभर आचेकडे तोमासा बघे. तिसऱ्या प्रहरी शर्नेट परते आणि मक्याच्या गरम भाकऱ्यांबरोबर दोघी जेवत.

"आज शाळेत वाढदिवस होता," शर्नेट हसत सांगे. "मी म्हटलं, मी मांस खात नाही. तर बाई म्हणतात, हे मांस नाही, कोंबडी आहे."

तोमासाही हसे. पण त्यात हसण्यासारखे काय, हे तिला नीटसे कळत नसे. शेजारीण कुंपणावरून चिडवी, "तुझी भाडेकरू काय ससा आहे का गं, तोमासा? वारा सुटला तर उडून जाईल."

एप्रिलमध्ये जमैकाहून फोन आला. लिओपोल्ड गेले होते. शर्नेटला तिथे पोहोचता येण्याआधीच त्यांना पुरलेही होते. ती गेलीच नाही. शाळेत जाई, परत येई, दोन घास खाई आणि ताट सरकवी. तिची गालफडे बसली. "बाबांचं आता माझ्याजवळ काय राहिलंय?" ती एकदा म्हणाली. "ते खायचे तसं मी खाते, तेवढंच."

तोमासाने ते ऐकले. तिच्या डोळ्यांत पाणी आले. आणि दुसऱ्या दिवशी, शर्नेट शाळेत गेल्यावर, तिने माझे झाकण काढले आणि चमचाभर पांढरी चरबी आत सोडली. "मांस कुठे आहे हे," ती स्वतःशीच पुटपुटली. "पोरीच्या अंगात थोडी ताकद येईल."

मित्रांनो, मी माती. माझ्यात जे पडेल ते मी पिते. मला ओरडून सांगायचे होते, पण सांगणार कशी?

त्या दिवशी शर्नेट पोटभर जेवली. "दोन्या, तुमच्या हाताला चव आहे," ती म्हणाली. तोमासा सुखावली आणि मग रोजचा चमचा सुरू झाला. शर्नेटचे गाल भरले. तिने आईला फोनवर सांगितले की इथला राजमा अगदी बाबांच्या हातचा लागतो. ते ऐकताना मला तडा जाईल असे वाटले होते.

नोव्हेंबर आला. या दिवसांत आमच्याकडे मेलेली माणसे घरी येतात. त्यांच्यासाठी झेंडूची फुले, मेणबत्त्या, फोटो आणि त्यांच्या आवडीचे जेवण मांडतात. मेलेले वास घेऊन जातात, आणि मग ते अन्न जिवंत माणसे खातात. तोमासाने तिच्या नवऱ्याच्या फोटोशेजारी लिओपोल्डच्या फोटोला जागा करून दिली. शर्नेट म्हणाली, "बाबा असल्या गोष्टींना हसायचे. पण बोलावून बघते." आणि तिने फोटोपुढे मला ठेवले, गरम राजम्याने भरलेली.

सकाळी कडाक्याची थंडी होती. शर्नेटने माझे झाकण उचलले. राजम्यावर पांढरी साय धरली होती. तिने बोट लावले, वास घेतला आणि तशीच उभी राहिली.

"दोन्या, हे काय आहे?"

तोमासा खोटे बोलणारी बाई नव्हती. "चरबी. चमचाभरच. एवढ्या लांबून येणार तुझे वडील, त्यांना कोरडा राजमा वाढायचा का?"

"आधीही घालत होता?"

"ते गेले तेव्हापासून. वाळत चालली होतीस, पोरी. मला बघवेना."

शर्नेटने झाकण खाली ठेवले. मग हळू आवाजात म्हणाली, "साठ वर्षं त्यांनी हे तोंडात घेतलं नाही. मी त्यांना हाक मारून बोलावलं, आणि हे वाढलं."

तेव्हा कुठे तोमासाला आपण काय केले ते कळले. ती म्हातारी फोटोपुढे गुडघे टेकून बसली. "लिओपोल्डदादा, चूक माझी. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्यावर रागावू नका."

शर्नेटने राजमा झाडाखाली पुरला. मला राखेने तीनदा घासले, तीनदा पाणी उकळले. तिन्ही वेळा पाण्यावर तवंग आला. मग ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून रडली. तोमासा दारात उभी होती, पण जवळ यायचे धाडस तिला झाले नाही. डिसेंबरात शर्नेट दुसरीकडे राहायला गेली. मी इथेच राहिले.

मायदेशी कायमची परतण्याआधी ती एकदा भेटायला आली. तोमासाने कॉफी विचारली नाही, पाव पुढे केला नाही. एक न सोललेले संत्रे आणि धुतलेली सुरी तिच्यासमोर ठेवली. म्हणाली, "तूच सोल, पोरी."

शर्नेटने ते सोलले आणि अर्धे तोमासाला दिले. दोघींनी मिळून खाल्ले. निघताना तोमासाने विचारले, "हंडी नेतेस?"

शर्नेट माझ्याजवळ आली. माझ्या काळ्या डागावरून तिने हात फिरवला. "नको, दोन्या," ती म्हणाली.

मित्रांनो, तोमासा वाईट नव्हती. तिच्याइतकी माया शर्नेटवर या गावात कुणीच केली नाही. म्हणूनच तुम्हाला विनवते, कुणाच्या ताटात काही घालण्याआधी त्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर चमचा परत ठेवा. आणि असे काही होताना दिसले तर गप्प राहू नका. मला जीभ नव्हती. तुम्हाला आहे.