शापाच्या रानातली लाकडं

माझा मुलगा लाम्ब्रोस आमच्या गावाचा प्रमुख आहे. हिवाळ्यात गावात उरणाऱ्यांपैकी धापा न टाकता जिना चढणारा तोच एक, म्हणून प्रमुख.

यंदा त्याने अथेन्सहून एक इंजिनियर आणला. पांढरे बूट घालून डोंगर चढणारा माणूस. वरच्या अंगाला सुट्टीची घरं बांधायची, तिथवर रुंद रस्ता न्यायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच जाळी मारायची. आणि हा रस्ता जाणार कुठून, तर शापाच्या रानातून.

हे रान मोठं नाही. वरचा डोंगर आणि खालची नदीची घळ यांना जोडणारी ती मान आहे. तिच्या एका अंगाला खाण झाली, दुसऱ्या अंगाला हॉटेलवाल्यांची कुंपणं. अस्वलाला, हरणाला, रानमांजराला डोंगरावरून पाण्यावर यायला एवढी एकच वाट उरलीय. मान कापल्यावर धड कुठे आणि डोकं कुठे, हे मला शाळेत न जाताही कळतं.

तुर्कांच्या अमलात आमच्या वाडवडिलांनी पाद्री बोलावून, काळ्या मेणबत्त्या पेटवून शाप वाचून घेतला होता. या रानाची फांदी जो तोडील, त्याचं प्रेत मातीत विरघळणार नाही. आम्ही पुरलेल्या माणसाची हाडं काही वर्षांनी उकरून काढतो, वाइनने धुतो, पेटीत ठेवतो. बघायला सगळं गाव जमतं. तिथे एखादा न कुजता निघाला की त्याच्या घराण्याने तोंड कुठे लपवायचं?

"आई, हे असलं आता कोणी मानत नाही," लाम्ब्रोस म्हणाला.

"मग घे कुऱ्हाड."

त्याने घेतली नाही. मोजणीसाठी तीन जुने ओक आडवे करायचे होते, त्यासाठी यानिना शहरातून परके मजूर आणले. न मानणाऱ्यांची ही तऱ्हा.

इंजिनियर माझ्या अंगणात कॉफी प्यायला बसला. लाम्ब्रोसनेच आणला असणार, म्हातारीला गोड बोलून वळवायला.

"प्राण्यांची काळजी करू नका, आजी. रस्त्याखालून मोठा पाइप टाकतोय. त्यातून जातील ते."

"अस्वलीण पिल्लं घेऊन पाइपातून जाईल?"

"तसा अभ्यास झालाय."

"मग आधी तुझ्या आईला पाठव. ती गेली तर अस्वलिणीला मी समजावते."

लाम्ब्रोसने कपाळाला हात लावला. इंजिनियर हसला. दात चांगले होते त्याचे, तेवढंच.

पंधरा ऑगस्टला मरियममातेचा सण. अथेन्सला, जर्मनीला गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात आणि आपल्याला गावाची किती ओढ आहे हे एकमेकांना सांगतात. जेवणं झाली की चौकातच हात वर करून रस्त्याला होकार द्यायचा, असं लाम्ब्रोसने ठरवलं होतं. आणि देणारच होते. माझ्या शेजारी बसलेली हाइदोसुद्धा.

"अगं पोलिक्सेनी, माझी सून म्हणते, रस्ता झाला की आमच्या घराला भाव येईल."

"आधी छप्पर तर येऊ दे."

चौकाच्या कोपऱ्यात कॅफेवाला फोतिस बोकड भाजत होता. त्याच्यामागे रचलेल्या लाकडांकडे माझं लक्ष गेलं. ओकचे जाडजूड ओंडके, सालीवर शेवाळाच्या दाढ्या. आमच्या बाकीच्या जंगलात मनगटाएवढी लाकडं मिळाली तरी नशीब. पिढ्यान्‌पिढ्या तोडून खाल्लंय ते. एवढा घेर एकाच ठिकाणी असतो.

मी आधी सगळ्यांची ताटं भरू दिली. पाद्रीबाबा कोझमासनी प्रार्थना म्हटली, क्लॅरिनेटवाल्याने सूर धरला. मग मी बसल्या जागेवरून विचारलं,

"फोतिस, लाकडं कुठली रे?"

"असंच, काकी. पडलेली होती."

"कुठे पडलेली?"

क्लॅरिनेट थांबलं.

"ते वरचे तीन ओक... फुकट कुजले असते, काकी. मी तोडले नाहीत. नुसते उचलले."

"बरं केलंस. पाद्रीबाबा, शाप झाड तोडणाऱ्यालाच लागतो, की त्यावर शिजवून खाणाऱ्यालाही?"

पाद्रीबाबांचा काटा तोंडापर्यंत आलेला होता. त्यांनी तो खाली ठेवला.

"हे बिशपना विचारावं लागेल," ते म्हणाले, आणि ताट हळूच पुढे सरकवलं.

हाइदोने तोंडातला घास रुमालात काढला. घासाबरोबर कवळीही आली. जर्मनीत श्टुटगार्टला स्वतःचं दुकान असलेला माणूस हात पुसायला लागला, आणि पुसतच राहिला. जेवत होता फक्त इंजिनियर.

"छान मऊ झालंय," तो म्हणाला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

लाम्ब्रोस तरीही उभा राहिला. "मंडळी, तो रस्त्याचा विषय... ज्यांना मान्य असेल त्यांनी हात वर करा."

श्टुटगार्टवाला म्हणाला, "लाम्ब्रोस, तू प्रमुख आहेस. आधी तू कर."

माझा मुलगा माझ्याकडे बघत राहिला. त्याचा हात खिशातून बाहेर आला नाही. मग दुसऱ्या कोणाचा कशाला येतोय.

बोकड धनगरांच्या कुत्र्यांनी खाल्ले. कुत्र्यांची हाडं कोणी उकरत नाही.

आता सणाला आलेले लोक सांगत फिरतात की आमच्या गावाने रान वाचवलं. कसलं रान? यांनी स्वतःची मढी वाचवली. अस्वल तहानेने मेलं असतं तरी यांच्यातल्या एकाचाही घास अडला नसता. इंजिनियर सध्या पलीकडच्या गावात पांढरे बूट घालून फिरतोय. तिथल्या वाडवडिलांना शाप द्यायचं सुचलं नव्हतं.

सप्टेंबरात अस्वलीण त्याच वाटेने खाली आली, दोन पिल्लांना घेऊन. पाणी प्यायली आणि वर जाता जाता माझ्या नासपतीची सगळ्यात चांगली फांदी मोडून गेली. उपकाराची जाण नाही, ती याच गावची.

सकाळी लाम्ब्रोस मोडलेलं झाड बघायला आला.

"आई, बागेभोवती जाळी मारून देऊ?"

मोडून लोंबणारी फांदी मी वर उचलून धरली.

तो गोठ्याकडे गेला आणि झाडाला लावायला टेकू घेऊन आला.