e वरची तिरपी काडी

फरीदाआपांनी ते पान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला होता.

“अगं धना, फॉन्ट उडालाय! कोणाची पत्रिका ही?”

“पत्रिका नाही आपा. फ्रेंचचा धडा आहे. शिकतेय मी.”

“फ्रेंच?” आपांनी चष्मा सावरत स्क्रीनला नाक लावलं. “आपल्याकडं फाईल बिघडली की हेच येतं की गं. हा बघ e, डोक्यावर तिरपी काडी. हा c, खाली शेपूट लोंबतंय. चांगली धडधाकट माणसं, अन् लिहितात असं?”

त्या दिवशी दोघी पोट धरून हसल्या होत्या.

आज कोणी हसत नव्हतं.

भिंगारच्या जुन्या बाजारातलं आपांचं दुकान म्हणजे पुढं काउंटर, मागं प्लायवूडची आडभिंत आणि त्यामागं कॉम्प्युटरची खोली. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, कँटीनचे दरफलक. धनश्री जामखेडकडची, कॉलेज संपल्यापासून त्या मागच्या खोलीत बसून टायपिंग करायची. पण पत्रिका आता लोक मोबाईलवरच बनवतात, मोबाईलवरच पाठवतात. दिवाळीनंतर दुकान मालकाला परत द्यायचं, असं आपा एकदा बोलून गेल्या.

आणि मग धनश्रीला एक कंपनी सापडली. जुन्या फ्रेंच पुस्तकांची वेबपानं करून घेणारी. परीक्षा पास झालात तर काम तुमच्या जागेवर येणार, रोज येणार. परीक्षा एकदाच, नापास झालेल्याला पुन्हा दार नाही.

म्हणजे गोष्ट सरळ होती. पास, तर दुकान राहणार. नापास, तर दिवाळी.

*

कॅमेरा चालू. माईक चालू. खोलीत दुसरं माणूस नको, आवाज नको, बाहेरून उचलून आणलेला मजकूर नको. तीन चुका झाल्या की परीक्षा आपोआप बंद. हे सगळं एका तरुण माणसाच्या आवाजानं हिंदीत सांगितलं. त्याचा चेहरा दिसत नव्हता. धनश्रीचा त्याला दिसत होता.

डावीकडं जुन्या पुस्तकाच्या पानाचा फोटो. उजवीकडं रिकामी चौकट. त्या चौकटीत पान टाईप करायचं, त्याचं वेबपान होणार. वरती घड्याळ उलटं धावायला लागलं.

पहिला शब्द: été. उन्हाळा.

तीन अक्षरं, दोन काड्या. धनश्रीनं कीबोर्ड फ्रेंचवर नेण्यासाठी नेहमीच्या दोन कळा दाबल्या.

काही झालं नाही.

परत दाबल्या. कोपऱ्यातली इंग्रजीची खूण ढिम्म हलेना. परीक्षेच्या प्रोग्रामनं कीबोर्ड कुलूपबंद केला होता. महिनाभर ज्या फ्रेंच कीबोर्डवर तिनं सराव केला होता तो जणू कोणी टेबलावरून उचलून नेला, आणि तिला समोर e तेवढा दिसत होता. बोडका. काडीशिवायचा.

खाली नियम लिहिलेला: सुटलेली प्रत्येक खूण ही चूक धरली जाईल.

*

तिचा डावा अंगठा मात्र घाबरला नव्हता.

त्याचं असं आहे. जुना मराठी फॉन्ट म्हणजे मुखवटा. आत परदेशी अक्षरं, वर मराठीचा चेहरा. जी जोडाक्षरं कळांवर मावत नाहीत ती आकड्यांत ठेवलेली असतात. डाव्या अंगठ्यानं ऑल्ट दाबून धरायचा, उजव्या हातानं आकडे मारायचे, अंगठा सोडायचा, की अक्षर उमटतं. धनश्रीनं हजारो लग्नं या आकड्यांनी लावली होती. आणि फाईल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर गेली, तिथं फॉन्ट नसला, की मुखवटा गळून पडायचा. चि. सौ. कां. च्या जागी काड्या आणि शेपट्या. गिऱ्हाईक म्हणायचं चिनी झालं.

चिनी नव्हतं. फ्रेंचच्या पहिल्या धड्यात तिनं é पाहिला आणि तिच्या अंगठ्यानं त्याला ओळखलं.

आत्ताही ओळखलं. ऑल्ट. शून्य दोन तीन तीन. सोड.

é

ती जवळजवळ ओरडलीच असती. t मारला. परत ऑल्ट, शून्य दोन तीन

▬ बाहेरचा मजकूर आढळला. पहिली चूक. ▬

लाल पट्टी चौकटीवर आडवी पसरली.

“मॅडम, आपने पेस्ट किया?”

“नही सर. टाईप किया. ऑल्ट दाबके, आकडे दाबके.”

“ये अक्षर आपके कीबोर्ड पे है ही नहीं, मॅडम.”

“इसलिये तो आकडे दाबे, सर!”

मग तो आवाज जरा खालच्या पट्टीत आला. “देखिए, सिस्टम को लगता है बाहर से आया. मैं सिर्फ देखता हूँ, रोक नहीं सकता. आप ऐसे मत कीजिए.”

पट्टी गेली. चौकटीतला é पण गेला.

*

आता काय?

काडीशिवाय लिहावं? चुका मोजता येणार नाहीत इतक्या होतील.

काड्यांसकट लिहावं? दोनच अक्षरांत परीक्षा बंद.

घड्याळ धावतंय. खालच्या ओठाची साल तिच्या दातांत आली. ती पान वाचत राहिली, वाचता येत होतं हेच जास्त छळत होतं. उन्हाळ्यात डोंगरावर गुरं नेणाऱ्या एका गावाची गोष्ट होती. प्रत्येक ओळीत काड्या, शेपट्या, टोप्या.

आणि बाहेर, आडभिंतीपलीकडं, खुर्ची सरकली.

“फरीदाताई, प्रूफ झालं का आमचं?”

नेवाशाकडचे आसाराम. मुलीच्या लग्नाची पत्रिका. जुन्या वळणाचं माणूस, छापील पत्रिकाच पाहिजे म्हणून आलेलं.

“हळू बोला, भाऊ,” आपांची कुजबुज. “आत परीक्षा चाललीय.”

“परीक्षा? दुकानात?”

“हळू म्हटलं ना! हे घ्या प्रूफ. बघा आणि उद्या या.”

आता आपांच्या दुकानाचा एक रिवाज होता. गिऱ्हाइकानं प्रूफ मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय पत्रिका छापायची नाही. एकदा कोणाचे तरी धाकटे मामा गळाले होते, मांडवात भांडण झालं होतं, तेव्हापासून. पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. आसारामांनाही. त्यांनी कागद हातात घेतला, घसा खाकरला, आणि कीर्तनाला उभं राहावं तशा आवाजात सुरू केलं:

“आमचे येथे श्री कृपेकरून! आमची ज्येष्ठ कन्या—”

“भाऊ! मनात! मनात वाचा!”

“मनात? आन् मामा ऱ्हायले मंजी? तुमीच तर म्हनता, मोठ्यानं वाचा.”

“आज नको हो!”

“असं कसं? मागल्या टायमाला माज्या चुलत्याला तुमी दोनदा वाचाया लावलं हुतं—”

▬ खोलीत दुसरा आवाज. दुसरी चूक. ▬

“मॅडम, कोई है वहाँ?”

“बाहर है, सर. दुकान है. पत्रिका पढ रहे है.”

“क्या पढ़ रहे हैं?”

“शादी का कार्ड.”

त्या माणसानं श्वास सोडलेला माईकमध्ये ऐकू आला. “तीसरी बार बंद हो जाएगा. सच में बंद हो जाएगा.”

बाहेर एकदम चिडीचूप. आपांनी बहुतेक आसारामांच्या तोंडावर हात ठेवला असावा.

*

चौकट.

धनश्री चौकटीकडं पाहत राहिली. इतका वेळ ती तिला कागद समजत होती. आपांच्या दुकानात स्क्रीनवर दिसतं ते कागदावर येतं. दिसलं ते खरं. पण ही चौकट कागदाची नव्हती. ही वेबपानाची होती. आणि वेबपानात अक्षराला नावानं हाक मारता येते, हे ती कुठल्याशा मोफत धड्यात शिकली होती आणि विसरली होती, कारण पत्रिकांना त्याचा काही उपयोग नव्हता. एक खूण, मग अक्षराचं नाव, मग अर्धविराम. सगळ्या साध्या कळा. ब्राउझरनं वाचलं की त्या हाकेच्या जागी अक्षर उभं राहतं.

तिनं मारलं: été

पट्टी आली नाही.

चौकटीत मात्र ते तसंच दिसत होतं. été नव्हे, हा सगळा खडखडाट. पान पाठवल्यावर त्याचं अक्षर होईल? की तपासणाऱ्याला पानभर हेच दिसेल, एका साध्या उन्हाळ्याच्या जागी एवढी लांबलचक कटकट? मधे बघायची सोय नव्हती. प्रूफ नव्हतं. एकदा पाठवलं की पाठवलं. बरोबर ठरलं तर सगळंच बरोबर. चुकलं तर एकही ओळ वाचण्यासारखी नाही.

या दुकानातून प्रूफ न बघता आजवर साधं वाढदिवसाचं बॅनरसुद्धा बाहेर गेलं नव्हतं.

तिनं हात मांडीवर पुसले. आणि लिहायला लागली.

काडीचा e. उलट्या काडीचा a. शेपटीचा c, नाव ç. टोपीचा e. अंगठा सवयीनं ऑल्टकडं सरकायचा, ती तो मुठीत दुमडून घ्यायची. शेवटी डाव्या हाताचा अंगठा दुमडलेलाच ठेवून त्या हाताच्या चार बोटांनी टाईप करत राहिली. नावं आठवायची, अर्धविराम विसरायचा नाही. एक अर्धविराम विसरला आणि ती दोन ओळी पुढं गेली होती. मागं येऊन घातला. गुरं डोंगरावर चढली. कोणीतरी चीज केलं. घड्याळ लाल झालं. शेवटच्या ओळीत garçon होता, मुलगा, गुरांमागचा, त्याची शेपूट लावायच्या घाईत c दोनदा उमटला. एक पुसला.

पाठवा.

दाबलं.

पडदा पांढरा झाला. पांढराच राहिला. बाहेर स्कूटर गेली, आवाज आला, आणि तिला वाटलं संपलं, तिसरी

मग पान उघडलं.

été. दोन्ही काड्या जागच्या जागी. खाली, आणि खाली, ओळीमागून ओळ, सगळ्या काड्या, सगळ्या टोप्या. सगळ्यात वरती हिरव्या अक्षरांत: मजकूर जुळला. काम स्वीकारण्यासाठी अटी वाचा.

“हो गया, मॅडम,” आवाज म्हणाला. “अब बोल सकते हैं.”

“आपा!” ती ओरडली.

आपा धावत आत आल्या, मागून हातात प्रूफ धरलेले आसाराम. आपांनी पडद्याकडं पाहिलं, मग धनश्रीच्या तोंडाकडं, आणि तिचं डोकं पोटाशी धरलं.

“झालं? खरंच झालं?”

“झालं.”

“लई भारी,” आसाराम म्हणाले. “काय झालं पन?”

धनश्री अटी वाचत होती. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“काय गं?”

“रोजचं काम पण असंच करायचंय, आपा. कॅमेरा लावून. जागेत दुसरं माणूस नको, आवाज नको. गिऱ्हाईक नको. पुढचा काउंटर चालणार नाही. ही प्लायवूडची भिंत त्यांना चालत नाही.”

आपांनी आडभिंतीवरून एकदा हात फिरवला.

“म्हणजे दुकान राहतं.”

“हो.”

“आणि मी कुठं बसू?”

धनश्रीनं पडद्याकडं पाहिलं. खाली ‘मान्य’ असं बटण होतं.

“मी नाही म्हणते त्यांना, आपा. आपण दुसरं काहीतरी—”

“गप. डोकं फिरलंय का तुझं?” आपा वळल्या. “आसारामभाऊ, ते काउंटरचं टेबल धरा जरा त्या बाजूनं. बाहेर दारापुढच्या वट्यावर न्यायचंय, मी तिथंच बसेन.”

“आत्ता?”

“आत्ताच. नंतर माझं मन व्हायचं नाही.”

आसारामांनी प्रूफ दातांत धरलं आणि टेबल उचललं. टेबल दारात अडकलं. आपांनी त्याला गुडघ्यानं ढकललं, आणि मागं न बघता म्हणाल्या, “दाब गं ते बटण.”

धनश्रीनं दाबलं.