गोड शेवटाचा गठ्ठा

मैनानं पुस्तक हातात घेतलं आणि सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान उघडलं. त्यातली मुलगी बरी होत नव्हती, कुणाच्या गळ्यात पडत नव्हती. सकाळी उठून कामावर जात होती, बस्स. असला कसला शेवट? तिनं पुस्तक मिटलं, वाचनालयाच्या दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली.

"घरी नेऊन वाचा ना भाभी," ग्रंथपाल ताहेरभाई म्हणाले. "त्या खुर्चीचा पाय डुगडुगते."

"घरी टाइम नाई भेटत."

खोटं होतं ते. घरी प्रणाली होती. दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरनं पोरीला बाहेर बसवून मैनाच्या हातात कागद दिला. त्यावर 'अ‍ॅस्पर्जर' असं लिहिलं होतं, म्हणजे स्वमग्नतेचाच एक प्रकार. मैनानं तो शालूच्या घडीत ठेवला आणि पोरीला सांगितलं, डोळ्यांचा नंबर वाढलाय. तेव्हापासून असल्या माणसांच्या जेवढ्या गोष्टी राजापेठेतल्या या वाचनालयात मिळतील, तेवढ्या ती इथे बसून चोरून वाचत होती.

पोर तेवीस वर्षांची. क्लासेसचे पेपर तपासायची, अर्ध्या मार्काची चूक होऊ देत नव्हती. पण पाहुण्यांना 'या, बसा' म्हणणं काही तिला जमायचं नाही. उलट त्यांच्या तोंडावर खरं बोलून मोकळी. आणि उद्या अकोल्याचे लोक तिला पाहायला येणार होते. लपवावं तर पाप, सांगावं तर पोरीचं जमायचं कसं? सकाळपासून मैनाचा जीव थाऱ्यावर नव्हता.

गोड शेवट मागणारी ती काही एकटी नव्हती. त्या साली पेपर उघडला की शेतकऱ्यांच्या आत्महत्या, गावांची नावं आणि आकडे. वलगावचे जुने मेंबर दारातूनच विचारायचे, "यात कोनी मरत तं नाई ना?" ताहेरभाई निमूट एखादं विनोदी पुस्तक काढून द्यायचे.

हातातलं पुस्तक आपण मागे कधी वाचून परत केलेलं तर नाही, असं मैनाला वाटलं. सगळ्या पुस्तकांना खाकी कव्हरं, नावं घासून गेलेली. म्हणून इथले मेंबर वाचून झालं की सत्ताविसाव्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपापली खूण करत. कुणाचं फूल, कुणाचा त्रिशूळ. मैनाचं नुसतं टिंब.

तिनं सत्ताविसावं पान काढलं. टिंब नव्हतं. चौकोन होता, पट्टीनं आखल्यासारखा, आणि त्यात फुली. दहा वर्षांची असल्यापासून प्रणाली हीच खूण करत आली होती. एकाखाली एक असे तीन चौकोन होते.

"ताहेरभाई, हे माह्या पोरीनं वाचलं?"

ताहेरभाईंनी चष्मा वर सरकवला. "गलतीनं आलं ते तुमच्या हातात. हा तिचा गठ्ठा आहे. तुमचा वेगळा."

"माहा कोनता गठ्ठा?"

"आता काय सांगू भाभी. दर गुरुवारी येते. नवीन पुस्तकाईचं शेवटचं पान पायते अन् दोन गठ्ठे करते. म्हनते, हे आईले द्या, तिले शेवट चांगला लागते. हे देऊ नका, आई रडन."

दुसऱ्याच्या मनातलं पोरीला कळणार नाही, असंही डॉक्टरनं तेव्हा सांगितलं होतं.

पुस्तक तिनं पदराखाली न लपवता घरी आणलं. प्रणाली खिडकीशी पेपर तपासत बसली होती. मैनानं पुस्तक तिच्यासमोर ठेवलं.

"हे चुकून आलं," प्रणाली म्हणाली. "याचा शेवट तुले आवडनार नाई."

"तुले काहून आवडला?"

"त्यातली पोरगी शेवटी पन तशीच रायते. तरी लोकं तिले जेवाले बोलावतात."

तिनं लाल पेनाला टोपण लावलं आणि पेन पेपरांच्या कडेला सरळ ठेवला.

"आई, उद्या अकोल्याच्या लोकाईले तू सांगशील का मी सांगू?"

मैनाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले, कारण रडलं की प्रणाली खोलीतून उठून जायची.

"तू सांग," ती म्हणाली. "मी बाजूले बसीन."

मग ती उठली, कपाट उघडलं, शालू बाहेर काढला आणि घडीत हात घातला. घडी रिकामी होती.

"तिथं नाई तो," मागून प्रणाली म्हणाली. "दोन वर्षं झाले, माह्या खनात आहे. शालूले कसर लागली होती."