तीन वेळा हजर

माझी मुलगी ब्रॉन फोनवर म्हणाली, "डॅड, तू कुणाकडे तरी जाऊन बोलायला लागत नाहीस, तोवर फ्लिन तुझ्याकडे येणार नाही."

फ्लिन माझा नातू. साडेचार वर्षांचा आहे, मला पॉप म्हणतो.

"म्हणजे माझं नाक दाबतेस?"

"हो," म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकसष्ट वर्षांत दात उपटून घ्यायचं सोडलं तर मी कुणाच्या खुर्चीत बसलो नव्हतो. पण पोरगा सात आठवडे आला नव्हता, आणि त्याच्याशिवाय शनिवार मला खायला उठायचा. मुकाट्याने डॉक्टरकडे गेलो. त्याने एका मानसतज्ज्ञ बाईकडच्या दहा भेटींची चिठ्ठी लिहून दिली आणि वर "बरं केलंत, नेव्ह" म्हणून पाठ थोपटली. तेव्हा तर त्याचाच गळा धरावासा वाटला.

हॉर्शम या गावात माझं गॅरेज आहे. आमच्याकडे जुनी गाडी विकायची तर ती रस्त्यावर चालवण्यालायक आहे असा दाखला लागतो, आणि तो द्यायचा परवाना माझ्याकडे आहे. ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग बघायचं आणि सही ठोकायची. हे मन तपासणंही तसंच असणार असं मी धरून चाललो. बाई चार प्रश्न विचारील, कागद देईल आणि तो मी ब्रॉनच्या नाकासमोर धरीन.

तिथे गेल्यावर आधी बाहेर बसवून एक फॉर्म भरायला दिला. गेल्या चार आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, किती वेळा हताश वाटलं, असे दहा प्रश्न. मी दहाही ठिकाणी 'कधीच नाही'वर खूण केली. आमच्या गावात कुणी "कसं काय?" विचारलं की मोडका हात गळ्यात बांधलेला माणूससुद्धा "मजेत" म्हणतो.

आतल्या बाईचं नाव इलेनी. पस्तिशीची, पायात कॅनव्हासचे बूट. झोपायला कोच वगैरे काही नव्हतं. दोन खुर्च्या आणि मध्ये कागदी रुमालांचा खोका. तो मी आधी लांब सरकवला.

तिने फॉर्म पाहिला. "पन्नासपैकी दहा गुण, म्हणजे कसलाच त्रास नाही. याच्या खाली जाताच येत नाही. इतके कमी माझेसुद्धा येत नाहीत, नेव्ह."



इथे बोललेलं इथेच राहतं, कुणाच्या जिवाला धोका असेल तरच बाहेर सांगावं लागतं, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "तुम्हाला इथून काय हवंय?"

"कागद. मी ठीक आहे असा."

"तसा कागद मी देत नाही. फार तर किती वेळा आलात ते लिहून देईन."

"मग तुम्ही करता तरी काय?"

"ऐकते. विचारते. कधी तुम्हाला न आवडणारं बोलते. आणि सुरुवातीला बरं वाटायच्या ऐवजी वाईट वाटलं, तर दचकू नका."

"वाईट वाटून घ्यायला इथे कशाला यायचं? ते मला घरबसल्या जमतं."

ती हसली. मला ते अजिबात आवडलं नाही.

दुसऱ्या भेटीत मी पाऊस, फुटबॉल आणि विजेवरच्या गाड्यांनी धंद्याची लावलेली वाट यांवर अर्धा तास काढला. मग फ्लिन शेवटचा आला होता त्या शनिवारी काय झालं, ते तिने विचारलं.

"पाना हातातून सुटला," मी म्हटलं.

"सुटला?"

"सुटला."

ती नुसती बघत राहिली. माझ्याकडे लोक इंजिनाचा खडखडाट लपवायला दाट तेल ओतून गाडी आणतात, रेडिओ मोठ्याने लावतात. पाच मिनिटांत मला कळतं आणि मी त्यांची खरडपट्टी काढतो. हिला कळलं होतं आणि ही खरडपट्टी काढत नव्हती. संताप संताप झाला माझा.

तिसऱ्या भेटीत तिने विचारलं, "पाना सुटला तेव्हा फ्लिन कुठे होता?"

"दारापाशी."

"पाना कुठे लागला?"

"दाराला."

"दाराला कुठे?"

मी उठून उभा राहिलो. "फेकला. फेकला मी तो. चोवीस नंबरचा. त्याने नटांचा ट्रे सांडला म्हणून. त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर पत्र्याला पोचा आलाय. ब्रॉन समोर उभी होती. झालं समाधान?"

माझा आवाज बाहेरपर्यंत गेला असणार. ती जागची हलली नाही.

"मग फ्लिनने काय केलं?"

हे मला कुणीच विचारलं नव्हतं. ब्रॉनने तर पाहिलंच होतं, तिला विचारायची गरज नव्हती.

"रडला असता तर बरं झालं असतं," मी म्हटलं. "त्याने पाना उचलला. जड होता, दोन्ही हातांनी उचलला. मला आणून दिला आणि म्हणाला, सॉरी, पॉप."

"आणि तुम्ही?"

"मी घेतला. घेतला आणि कामाला लागलो."

तिने मला दोन शिव्या घालाव्यात, नाहीतर 'होतं असं' म्हणावं, काहीतरी करावं असं वाटत होतं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. मला तिचा राग आला, ब्रॉनचा आला, आणि मग दुसरं कुणी उरलं नाही. निघताना तिने कागद दिला. त्यावर एकच ओळ होती : नेव्हिल ट्रेगिअर तीन वेळा हजर राहिले.

गाडीत बसल्या बसल्या त्याचा फोटो मी ब्रॉनला पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज मऊ झाला होता. "तीनदा गेलास? मला वाटलं, एकदा जाऊन भांडून येशील. या रविवारी येतो आम्ही जेवायला. फ्लिन रोज विचारतो."

"काय विचारतो?"

"पॉपचा राग गेला का, म्हणून."

जवळजवळ तीन महिने मी याच फोनची वाट बघत होतो. 'गेला' एवढं म्हटलं असतं तर रविवारी पोरगा माझ्या मांडीवर असता.

"नाही गेला," मी म्हटलं. "त्याच्यावर कधी नव्हताच, हे सांग त्याला. त्याने काही केलं नव्हतं, हेही सांग. पण या रविवारी आणू नकोस."

"मग कधी आणू, डॅड?"

"मी सांगेन. आणि त्या आधी मी कितीही हातापाया पडलो, तरी आणू नकोस."